धानाच्या मुलखातून जपान

मुर्रीत राहून जपानी बोलपटांचे वेड कसले, असे पुष्कळजण विचारतात. अहो, आम्ही धानाच्या मुलखातली माणसे. आम्हांला नाही कळायचे तर कुणाला? कुरोसावाच्या १९५४ च्या 'सेव्हन सामुराय'मधल्या तलवारींचे शहरी मंडळींना कौतुक. माझे लक्ष भातावर! राखणदार योद्ध्यांना गावकरी भात वाढतात, आणि स्वतः भरड धान्यावर भागवतात. शेवटी टेकडीवर योद्ध्यांच्या कबरी, आणि खाली गाणी म्हणत रोवणी चाललेली.

पण माझा खरा जीव ओझूच्या १९५३ च्या 'टोकियो स्टोरी'वर. म्हातारे आईबाप मुलांकडे टोकियोस जातात. थोरला डॉक्टर, मुलीचे केशभूषेचे दुकान. सवड कुणालाच नाही. रजा काढते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, नोरिको. यावरून आमच्या घरी वाद होतो. सौ. म्हणते, "मुले कृतघ्न!" मला तसे वाटत नाही. डॉक्टर सहलीचा बेत मोडतो तो एका रोग्यासाठी. ओझू कुणालाच खलनायक करीत नाही. म्हणून तर तो अधिक बोचतो.

दिवाळीला विदर्भ एक्स्प्रेसने आपलीही मुले येतील आणि चार दिवसांनी परततील. त्यांना बोल लावू नये. मात्र, पोरांनो, आहात तोवर आईजवळ घटकाभर बसा. त्या कथेतली मुले धावत आली खरी, पण तोवर आईची शुद्ध हरपली होती.