आधी बघ, मग चालू कर

गेल्या वैशाखात माझा धाकटा मेहुणा सासूबाईंना घेऊन गोकाकहून आमच्याकडे कोगनोळीला आला. गाडी जुनीच, पण त्याने तिला एक नवी करामत करून घेतली होती. चहा व्हायच्या आतच खिशातून छोटा रिमोट काढून त्याने माझ्यापुढे धरला. "दाजी, आता किल्ली लावायला नको. सोप्यात बसून बटण दाबायचं. आपण जाऊन बसेपर्यंत गाडी गारेगार!"

मी पडलो मराठीचा मास्तर. मला कौतुक वाटले, आणि मी ते बोलूनही दाखवले.

संध्याकाळी निपाणीच्या बाजाराला जायचे होते. आमचे अंगण घराकडे उतरते आहे. गाडी घराकडे तोंड करून उभी होती आणि तिच्यापुढे सावलीत सासूबाई सुपात जोंधळे निवडत बसल्या होत्या. आमच्या हिने चहाला हाक मारली म्हणून त्या आत आल्या. मेहुण्याने सोप्यातूनच बटण दाबले. गाडी गचकन पुढे उसळली, सुपावरून गेली आणि कट्ट्याला धडकून बंद पडली.

कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना. सासूबाई बाहेर आल्या, चेपलेल्या सुपाकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "नोडलारद चालू माडब्याड, तम्मा." न बघता चालू करू नकोस, बाळा.

दुसऱ्या दिवशी निपाणीत गाड्यांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींनी डॅशबोर्ड खोलला. दोष त्यांना पाच मिनिटांत सापडला. मेहुण्याने उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली होती. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवावी हे ड्रायव्हिंग शिकवणारा शिकवतोच, मात्र तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअरमध्ये. पण गाडी गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरला की इंजिनाबरोबर चाकेही फिरतात. म्हणून बऱ्याच गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. रिमोटने चालू करताना क्लचवर पाय कोणाचा असणार? म्हणून बसवणारे क्लचची ती वायर जोडून टाकतात. तिथे पायाचे राखणे संपते. त्याच्या जागी दुसरे राखणे बसवायचे असते, तेच या गाडीत बसवलेले नव्हते.

ते दुसरे राखणे असे असते. हाताने गिअर टाकायच्या गाडीत, उतरताना इंजिन चालूच ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये आणायची, हँडब्रेक ओढायचा, किल्ली काढायची आणि बाहेर येऊन दारे लावायची. मग यंत्र आपणच इंजिन बंद करते आणि 'गाडी न्यूट्रलमध्ये आहे' हे लक्षात ठेवते. त्यानंतर कोणतेही दार उघडले, तर आत कोणी गिअर हलवला असेल असे धरून ते रिमोट रद्द करते. मेहुण्याच्या गाडीत दाराची वायर मोकळीच लोंबत होती आणि यंत्र ऑटोमॅटिक गाडीसाठी असते तसे लावलेले होते. बॉनेट उघडे असताना इंजिन चालू होऊ नये म्हणून एक स्विच येतो, तो तर पिशवीतच राहिला होता.

मिस्त्रींनी आणखी काही गोष्टी सांगितल्या, त्या वाचकांच्याही उपयोगाच्या आहेत. इंजिन चालू होऊन दोन-तीन सेकंदांत बंद पडत असेल, तर बहुधा किल्लीच्या डोक्यातली चिप गाडीला ओळखू येत नाही. यावर काही जण दुसरी किल्ली डॅशबोर्डच्या आत लपवून ठेवतात. म्हणजे चोराचे निम्मे काम आपणच करून ठेवायचे! शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. नुसता 'टक टक' आवाज येऊन दिवे मंदावत असतील, तर बॅटरी तपासा. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १४. रिमोटला काहीच दाद मिळत नसेल, तर आधी रिमोटचा सेल बदला, मग दारे आणि बॉनेट नीट लागले आहेत का ते पाहा. मात्र 'ती वायर काढून टाकली की चालतंय' असे कोणी म्हणाले, तर तिथून गाडी परत आणा.

खरे तर आपल्या भागाला ही विद्या नवी नाही. ऑटो स्विच लावलेली शेतातली मोटर रात्री लाइट आली की आपणच सुरू होते, आणि विहिरीत पाणी नसेल तर कोरडीच फिरून जळते. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी शेतपंपासाठी 'नॅनो गणेश' तयार केले आणि २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे लाइट आहे की नाही, हे ते शेतकऱ्याला फोनवर आधी कळवते. लांबून चालू करायचे, तर लांबून बघायची सोयही हवी. जुन्या जीपला हँडल मारणारा माणूस आधी गिअर हलवून बघायचा, कारण गाडीपुढे तो स्वतःच उभा असायचा. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला आणि माणूस आत जाऊन बसला. आता तो सोप्यात बसला आहे.

कायदाही हेच सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे, सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा. नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी तजवीज हवी. म्हणजे बाजारात हे बटण जपूनच. बंद गॅरेजमध्ये तर मुळीच नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो.

मेहुण्याने सगळे काम पुन्हा करून घेतले. तुमच्या घरी अशी गाडी असेल तर एक करा. मोकळ्या सपाट जागी, पुढेमागे कोणी नसताना, ती वर सांगितल्याप्रमाणे न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून लावा. मग एकदा दार उघडून पुन्हा बंद करा आणि बाजूला उभे राहून बटण दाबा. इंजिन चालू झाले नाही, तर काम बरोबर आहे. चालू झाले, तर रिमोट कपाटात ठेवून मिस्त्री गाठा.

सासूबाईंना आम्ही नवे सूप आणून दिले. त्या आता जोंधळे निवडायला परड्यात बसतात.