मोशेची शिंगे : चूक कोणाची?

रोममधील सान पिएत्रो इन व्हिंकोली या चर्चमधल्या, मायकेल अँजेलोने घडविलेल्या मोशेच्या मस्तकावर दोन शिंगे आहेत. ती का, याचे ठरावीक उत्तर असे : हिब्रू क्रियापद ‘कारान’चा अर्थ ‘तेज फाकणे’ असा असता संत जेरोमने लॅटिन भाषांतरात ‘शिंगे असलेला’ अशी योजना केली आणि बिचारे कलावंत त्या चुकीला बळी पडले. भाषांतरकार हा नेहमीच हाताशी असलेला आरोपी! उत्तर इतके सोयीचे आहे, की त्याच्या तपासणीची गरज कोणाला भासत नाही.

निर्गमच्या ३४व्या अध्यायातील हे क्रियापद ‘केरेन’ म्हणजे शिंग या नामाशी सगोत्र आहे. जेरोमपूर्वीच अक्विलाने आपल्या ग्रीक भाषांतरात शिंगांचा अर्थ घेतला होता. ‘सेप्टुअजिंट’मधील ‘गौरवित’ हा पर्यायही जेरोमला ठाऊक होता. बायबलमध्ये शिंग हे बळाचे आणि प्रतिष्ठेचे चिन्ह आहे. तेव्हा ही जाणीवपूर्वक केलेली निवड ठरते. तिच्याशी मतभेद संभवतो. तिला अज्ञान म्हणणे हा केवळ आळस.

कालक्रम तर हे उत्तर पुरते मोडीत काढतो. जेरोमचे भाषांतर इ. स. ४००च्या सुमाराचे, शिंगे असलेला मोशे चित्रांत अवतरतो तो अकराव्या शतकात, इंग्लंडमध्ये, एल्फ्रिकच्या भावानुवादाच्या सचित्र हस्तलिखितात. रूथ मेलिंकॉफ यांनी १९७०च्या आपल्या ग्रंथात हे साधार मांडले आहे. शब्द हेच कारण असेल, तर त्या शब्दाला सहा शतके शिंगे का फुटली नाहीत?

प्रतिमेचा अर्थ ती पाहणाऱ्या समाजाच्या संकेतव्यवस्थेत घडतो. बिशपच्या शिरोभूषणाची दोन टोके मध्ययुगात ‘शिंगे’च म्हटली जात आणि जुना व नवा करार असा त्यांचा अन्वय लावला जाई. तिथे शिंग पवित्र. याउलट १२६७ साली व्हिएन्नाच्या धर्मसभेने ज्यूंवर शिंगाकृती टोपीची सक्ती केली. तिथे तेच शिंग कलंक. हा ठराव करणाऱ्यांनी हिब्रू व्याकरण चाळले नव्हते. ‘ज्यूंना शिंगे असतात’ या द्वेषमूलक समजुतीचे खापर जेव्हा एका क्रियापदावर फोडले जाते, तेव्हा ती समजूत जोपासणारी माणसे अलगद निसटतात. कोशनिष्ठ समीक्षेचा हा दोष केवळ विद्वत्तेचा राहत नाही.

रोममधले ज्यू स्त्रीपुरुष दर शनिवारी थव्याथव्याने हा पुतळा पाहावयास जात, असे वासारी सांगतो. शिंगे त्यांना खुपली, असे तो म्हणत नाही.