रेकॉर्डचं झीरोइंग

बराकपूरच्या पोस्टिंगमध्ये रविवारी कलकत्त्याहून जुन्या रेकॉर्ड आणायचा नाद लागला. बऱ्याचशा शेजारच्या दमदमलाच तयार झालेल्या.

रायफल झीरो केली तरी गोळीचा मार्ग नजरेच्या रेषेला दोनच ठिकाणी छेदतो. बाकी अंतरांवर थोडी चूक राहतेच. टर्नटेबलचंही तसंच. टोनआर्म एका टोकाला खिळलेला, त्यामुळे कार्ट्रिज खाचेशी दोनच जागी बिनचूक जुळते. बेअरवाल्ड पद्धतीत या जागा मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिमीवर येतात. स्टीव्हन्सनमध्ये आतली जागा ६० मिमीवर, लेबलाजवळ.

जाणकार बेअरवाल्डच सुचवतात. माझं मत वेगळं आहे. माझ्या जुन्या एलपींवर गाणं पार लेबलापर्यंत जातं आणि आवाज तिथेच फाटतो. म्हणून मी स्टीव्हन्सन लावतो.

७८ आरपीएमच्या लाखेच्या रेकॉर्डला मात्र आधी सुई बदला. तिची खाच रुंद. तिला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते, स्टीरिओ एलपीला १८ची. बारीक सुई ७८च्या खाचेच्या तळाशी खरखरते, जाड सुई एलपीची खाच कायमची बिघडवते.

रायफल पुन्हा झीरो करता येते, घासलेली खाच भरून येत नाही. तेव्हा मंडळी, आधी रेकॉर्डचं वय बघा, मग प्रोट्रॅक्टर काढा.