गोड बोलू नका, नेमकं बोला

१४ जानेवारीला मराठवाड्यात दोन गोष्टी होतात. घरोघरी तिळगूळ देऊन 'गोड गोड बोला' असं सांगितलं जातं. आणि बीड, परभणी, नांदेड, जालन्यातून आपली माणसं औरंगाबादच्या विद्यापीठ गेटवर अभिवादनाला जातात. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला. बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाला लागलं १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत आपल्या वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळेंसारखी माणसं मारली गेली, गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. आणि मागणी 'नामांतरा'ची होती, मिळाला 'नामविस्तार'. ज्यांनी तो शब्द निवडला त्यांना शब्दाची किंमत चांगली ठाऊक होती. आपल्याला ती ठाऊक आहे का?

'पोरं हुशार आहेत, पण भाषा जरा सांभाळायला पाहिजे.' हे वाक्य ऐकलं नाही असा आंबेडकरी कार्यकर्ता सापडणार नाही. जयंतीची मिरवणूक अडवली, मयताला वाट दिली नाही, विहिरीवरून हाकललं, तरी गावात चर्चा होते ती आपल्या आवाजाच्या पट्टीची. मारणाऱ्याच्या हाताबद्दल कुणी बोलत नाही, ओरडणाऱ्याच्या तोंडाबद्दल सगळे बोलतात. ज्यांच्या पूर्वजांनी आमच्या पूर्वजांकडून 'जोहार मायबाप' वदवून घेतलं, त्यांच्याकडून सभ्यतेची शिकवणी घ्यायची आपल्याला गरज नाही. हे एकदा ठणकावून सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणेल, हाही 'भाषा सांभाळा'वाल्यांच्या पंक्तीला जाऊन बसला.

नाही बसलो. पण आपल्याच माणसांशी भांडण आहे, आणि ते उघड करायचं आहे.

पोलीस ठाण्यात आपण काय सांगतो ते आठवा. 'साहेब, त्यांनी जातीवरून शिव्या दिल्या.' ठाणे अंमलदार लिहितो, 'जातीवाचक शिवीगाळ केली.' आपण सही करतो आणि बाहेर येऊन फेसबुकवर लाइव्ह करतो. दोन वर्षांनी कोर्टात आरोपीचा वकील विचारतो: नेमके शब्द कोणते? कुठे उभं राहून बोलला? ऐकणारे कोण होते? फिर्यादीत काहीच नाही. साक्षीदार आता आठवून सांगतो, तर वकील म्हणतो, ही मागाहून केलेली सुधारणा आहे. आरोपी सुटतो. मग आपण म्हणतो, न्यायव्यवस्था मनुवादी आहे. असेलही. पण त्या दिवशी त्या कागदावर आपण तिला धरायला काही ठेवलंच नव्हतं.

अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(आर) म्हणतं, हेतुपुरस्सर अपमान, तोही लोकांच्या नजरेसमोर. ३(१)(एस) म्हणतं, जातीच्या नावाने शिवीगाळ, तीही लोकांच्या नजरेसमोर. २०२० साली हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आतला अपमान या कलमात बसत नाही असं सांगितलं. २०२४ साली शाजन स्कारिया प्रकरणात सांगितलं की अपमान जातीमुळेच झाला हे दिसलं पाहिजे. या निकालांवर टीका करा, जरूर करा. पण उद्या सकाळी फिर्याद लिहिताना ते समोर आहेत हे विसरू नका. म्हणून लिहायचं ते असं: अमुक तारखेला, इतक्या वाजता, ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर, अमुक आणि तमुक हजर असताना, अमक्याने मला हे हे शब्द उच्चारले. शब्द जसेच्या तसे, कितीही घाण असले तरी. तिथे लाजायचं नाही. लाज बोलणाऱ्याची आहे.

आणि सही करण्याआधी फिर्याद वाचून दाखवा असं शांतपणे म्हणा. ती मेहरबानी नाही. याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे तोंडी माहिती लिहून घेतल्यावर ती सही घेण्याआधी वाचून दाखवणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि हेतुपुरस्सर कसूर केली तर ती शिक्षापात्र आहे. ठाण्यात टेबलावर हात आपटणाऱ्यापेक्षा 'साहेब, कलम चारप्रमाणे वाचून दाखवा' असं हळू आवाजात म्हणणारा पोरगा अधिकाऱ्याला जास्त जड जातो. टेबलावर हात आपटला की 'सरकारी कामात अडथळा' हे कलम त्याच्याकडे तयारच असतं.

संयम म्हणजे हा. मान खाली घालणं नव्हे.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषदेहून परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला. बदला घ्यायला लोक तयार होते, त्यात पलटणीत राहिलेले गडीही होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं, हल्लेखोरांवर खटला झाला आणि त्यांना शिक्षा लागली. त्याच डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आला तेव्हा जमलेल्या हजारोंसमोर सत्याग्रह पुढे ढकलला. मनुस्मृती मात्र २५ डिसेंबरला जाळलीच. मग सगळी लढाई एका शब्दावर आली: चवदार तळं 'खासगी' की 'सार्वजनिक'? १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात तो शब्द आपल्या बाजूने लागला. दहा वर्षं एका शब्दाचा पाठपुरावा! आपण एका पोस्टचा पाठपुरावा दहा दिवस करत नाही.

काही मित्र म्हणतील, मग पँथरचं काय? १९७२ साली नामदेव ढसाळांनी 'गोलपिठा'त जी भाषा वापरली ती काय सभ्य होती? नव्हती, आणि असण्याचं कारणही नव्हतं. पण ढसाळांचा एकेक शब्द मोजून ठेवलेला होता, कुठे लागेल ते ठाऊक होतं. कवितेचं काम वेगळं, फिर्यादीचं वेगळं. आपण कवितेतली आग फिर्यादीत घालतो आणि फिर्यादीतलं रडगाणं भाषणात. दोन्हीकडे राख.

आता सम्यक वाचेकडे येऊ. विहारात पंचशील म्हणताना मुसावादा येतं, आपण हात जोडून म्हणतो आणि बाहेर पडून विसरतो. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी सम्यक वाचा समजावताना सत्य बोलणं, दुसऱ्याबद्दल वाईट न बोलणं, निंदा आणि शिवीगाळ टाळणं, अर्थपूर्ण बोलणं हे सगळं सांगितलं आहेच. पण आपण ज्यावर बोट ठेवत नाही तो मुद्दा पुढे आहे: सम्यक वाचा ही भीतीपोटी किंवा कुणाच्या मर्जीसाठी असता कामा नये. वरचा माणूस काय म्हणेल याच्याशी तिचा संबंध नाही. 'गोड बोला' आणि 'सम्यक बोला' यातला फरक इथे आहे. गोड बोलणारा समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलतो. सम्यक बोलणारा सत्याकडे बघून बोलतो.

भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाने बुद्धांना शिव्या दिल्या तेव्हा बुद्धांनी विचारलं, पाहुण्याने वाढलेलं घेतलं नाही तर ते कुणाचं राहतं? घरमालकाचं. तशा तुझ्या शिव्या तुझ्याकडेच राहिल्या. बुद्धांनी शिवी परत केली, स्वतःचं तोंड न विटाळता.

आणि आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर? गट बदलला की भाऊ 'दलाल' होतो. उमेदवार वेगळा निवडला की 'गद्दार'. दुसऱ्या संघटनेच्या ताईबद्दल जे लिहिलं जातं ते इथे लिहिण्याच्या लायकीचं नाही. ज्या शब्दांबद्दल बाहेरच्यावर गुन्हा दाखल करतो तेच शब्द आपण घरात वापरणार का? शिवाय एका स्टेटसवरून भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा नोंदला की पोलीस भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोराची चारित्र्य पडताळणी अडते. स्टेटस चोवीस तासांत जातं. केस जात नाही.

आता आपल्या जिल्ह्यातले शब्द तपासा. नवरा-बायको दोघं ऊस तोडायला जातात, हिशेबात त्यांना 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसं, नाव एका हत्याराचं! बाईची मजुरी त्या एका शब्दात गडप. मुकादमाची 'उचल' फिटत नाही म्हणून माणूस डांबून ठेवला, तर तो 'पैशाचा वाद' नसतो. १९७६च्या कायद्याने बंद केलेली ती वेठबिगारी असते, आणि अर्ज तसाच जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे.

गायरानाचंही तेच. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून एकनाथ आवाडांपर्यंत मराठवाड्यात या जमिनीसाठी माणसांनी डोकी फोडून घेतली. आणि आपण तहसीलच्या अर्जात स्वतःच्या हाताने लिहितो, 'आमचे अतिक्रमण कायम करावे, ही नम्र विनंती.' 'आम्ही सन अमुकपासून ही जमीन कसत आहोत, एक-ईला नोंद आहे, २८ नोव्हेंबर १९९१च्या शासन निर्णयाप्रमाणे नियमानुकूल करावी, ही मागणी' असं लिहा. विनंती नाकारता येते. मागणी नाकारायला कारण लिहावं लागतं.

नेमक्या शब्दाचं बळ पाहायचं तर शेजारच्या परभणीकडे पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेला. वरून आजाराची भाषा आली. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं कारण होतं. त्याच्या आईने सरकारी मदत नाकारली, तो कागद धरला आणि कोर्ट गाठलं. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. लढाई संपलेली नाही. पण ती आजाराच्या भाषेवर थांबली नाही, हे त्या माऊलीचं काम आहे.

म्हणून एक काम सांगतो. रविवारी वंदना झाली की विहारात अर्धा तास बसा. एकाने फिर्यादी व्हावं, एकाने ठाणे अंमलदार, एकाने आरोपीचा वकील. लिहा, वाचा, खोडा, पुन्हा लिहा. ताईंना आणि म्हाताऱ्या माणसांना आधी बोलू द्या, कारण ठाण्यात त्यांचंच बोलणं आधी तोडलं जातं. पुढच्या १४ जानेवारीला गेटवर जाल तेव्हा प्रत्येक गावातून एक तरी पोरगी किंवा पोरगा असा असावा, ज्याने लिहिलेली फिर्याद कुणाला फिरवता येणार नाही.

राग ठेवा. तो आपल्या बापजाद्यांनी कमावलेला आहे. फक्त त्याला शब्द नेमके द्या.

जय भीम!