वॉर्ड बायकांचा, खुर्ची बाप्यांची!

1886 साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत एम.डी. झाल्या. त्या परतण्याआधीच त्यांच्या हाती आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधला बायकांचा वॉर्ड देण्याची धमक कोल्हापूर संस्थानाने दाखवली. क्षयाने घात केला. वर्षभरात बाई गेल्या. पुढे शाहू छत्रपतींनी डॉ. कृष्णाबाई केळवकरांना त्याच इस्पितळात आणले. आज त्या इस्पितळाला नाव प्रमिलाराजेंचे, कॉलेजला शाहूंचे. पाट्या झकास रंगवल्या हो!

आता राज्यातल्या कुठल्याही मेडिकल कॉलेजात जा आणि विभागांच्या दारावरची नावे वाचा. प्रसूतीत मॅडम, बालरोगात मॅडम. सर्जरी, अस्थिरोग, युरॉलॉजीत मात्र सर, सर आणि सर! एमबीबीएसचे वर्ग मुलींनी भरलेत. मग त्या कुठे गडप होतात?

गडप होत नाहीत, गाळल्या जातात. एम.एस.चे शिक्षण पुस्तकात नाही, युनिट प्रमुखाच्या मर्जीत असते. रात्री दोनला पोट उघडायचे तर सुरी कुणाच्या हाती आणि रिट्रॅक्टर धरून कुणी तिष्ठायचे, हे तोच ठरवतो. 'लग्न झालं की हिची सीट वाया' हे तो मुलीच्या तोंडावर म्हणतो आणि भोवतालचे फिदीफिदी हसतात. हाडे बसवायला ताकद लागते म्हणे! उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई या महाशयांनी कधी पाहिलीच नाही काय?

कायद्यांचा तुटवडा नाही. 1994 पासून सरकारी नोकरीत बायकांना 30 टक्के जागा राखीव आहेत. 2017 च्या कायद्याने पन्नास माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे केले. रात्रपाळीच्या रेसिडेंटसाठी ते उघडे ठेवणारे एक कॉलेज दाखवा!

बाई सर्जन नसल्याची किंमत आमच्या आयाबहिणी मोजतात. स्तनातली गाठ, मूळव्याध पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज, म्हणून आमच्या मुरगूडची बाई दुखणे अंगावर काढते आणि कोल्हापूरला पोचते ती हाताबाहेर गेल्यावर.

वैद्यकीय शिक्षण खाते 2023 साली आमच्याच कागलच्या हसन मुश्रीफांकडे आले, 2024 च्या सरकारातही त्यांच्याकडेच राहिले. परके मंत्री असते तर आम्ही अर्ज केला असता. घरच्या माणसाला खडसावून सांगतो. प्रत्येक सरकारी कॉलेजात, प्रत्येक विभागात प्राध्यापक किती, त्यांत बायका किती, युनिट किती जणींच्या ताब्यात, याची यादी छापा. मुरगूडच्या एस.टी. स्टँडवर ती डकवायला खळ आम्ही देतो.