आधी ओरडा, मग खूण

लाल पोलादी तुळयांच्या माचीवर एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा गोरिला उभा आहे. हातात काठी, डोळ्यांवर चष्मा, पाठ वाकलेली. समोरच्या ग्रामोफोनचं हँडल तो फिरवतो आणि जुनी, साधी धून वाजायला लागते. एवढ्यात वरून तरणाबांड डाँकी काँग मोठा टेपरेकॉर्डर घेऊन धाडकन उतरतो. म्हातारा बाजूला भिरकावला जातो, दणदणीत गाणं सुरू होतं, पोरगा नाचायला लागतो. थोड्या वेळाने म्हातारा वरून सुरुंगाचं पिंप टाकून हिशेब चुकता करतो.

‘डाँकी काँग कंट्री’ या १९९४ सालच्या व्हिडिओ गेमची ही सुरुवात. चतुर्थीला मुंबईहून आलेल्या भाच्याने ती मला दाखवली आणि त्या म्हाताऱ्याने माझं मन धरून ठेवलं. त्याचं नाव क्रँकी काँग. १९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीत शिगेरू मियामोतो यांनी जो पहिला ‘डाँकी काँग’ खेळ रचला, त्यात तुळयांवरून पिंपं घरंगळवणारा तो दांडगा वानर हाच. त्या पिंपांवरून उड्या मारत वर चढणारा छोटा सुतार पुढे मारिओ म्हणून जगभर गाजला. तेरा वर्षांनी इंग्लंडच्या रेअर या कंपनीकडे हा वानर नव्या रूपात घडवायचं काम आलं, तेव्हा त्यांनी जुन्याला पुसून टाकलं नाही. त्याला म्हातारा केलं, खोपीत खुर्चीवर बसवलं आणि नव्या पोराला त्याच्या दारात उभं केलं. मुलगा की नातू, याचं उत्तर कंपनी आजवर बदलत आली आहे. आपल्याकडेही चार चुलत्यांच्या घरात कोण कुणाचा कोण, हे नेहमी कुठे नीट सांगता येतं?

म्हाताऱ्याच्या खोपीत गेलं की तो आधी ऐकवतो. आमच्या वेळी हे असले रंग नव्हते, एवढ्या हालचाली नव्हत्या, तीन जीव संपले की संपला खेळ, आणि तरी लोक खेळत होते. पोराने ऐकून घ्यायचं. कारण त्याच बडबडीत मध्येच तो सांगून जातो, की अमुक ठिकाणी भिंतीआड एक चोरवाट आहे, ती तुला काय सापडणार म्हणा! कंटाळून आधीच बाहेर पडलेल्याला ती वाट कळत नाही.

मला खरी आवडली ती पुढची गोष्ट. १९९५ साली गेमबॉयसाठी ‘डाँकी काँग लँड’ आला. गेमबॉय म्हणजे हातात मावणारं, रंग नसलेल्या पडद्याचं यंत्र. या खेळाची कथाच अशी, की क्रँकी पोरांना म्हणतो, तुमचं नाव झालं ते चकचकीत चित्रांमुळे आणि आवाजामुळे. या साध्या पडद्यावर करून दाखवा बघू. पैज लागते आणि सगळा खेळ त्या पैजेवर उभा राहतो. १९९९ च्या ‘डाँकी काँग ६४’ मध्ये तर त्याहून पुढची पायरी आहे. शेवटच्या किल्लीच्या दारापाशी दोन नाणी लागतात. एक नाणं १९८१ चा मूळ ‘डाँकी काँग’ खेळून मिळवायचं. दुसरं १९८३ च्या ‘जेटपॅक’ या खेळातलं, जो रेअरच्याच संस्थापकांनी पूर्वी केला होता. तो क्रँकीच्या प्रयोगशाळेत बसून खेळावा लागतो. नव्या पोराला पुढे जायचं तर आजोबाचा खेळ आजोबाच्या नियमांनी जिंकावा लागतो. भाचा सांगतो, ही नाणी मिळवताना भलेभले टेकीला येतात. यावर कुणी कुरकुर केली तर मी म्हाताऱ्याच्या बाजूने उभा राहीन.

हे मला एवढं भिडण्याचं कारण मालवणच्या किनाऱ्यावर आहे. पाऊस सरला, नारळी पौर्णिमा झाली की आमच्याकडे रापण पडते. होडीतून लांबलचक जाळं अर्धगोल टाकत नेतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. ओढणारे पुष्कळ असतात, पण जाळं केव्हा आणि कुठे टाकायचं हे सांगणारा एखादाच. तो बहुधा वयाने सगळ्यांत मोठा, कमरेला पंचा, नजर पाण्यावर. मतलई वारा किती आहे, पक्षी कुठे सूर मारतायत, पाण्याचा एखादा पट्टा काळपट झालाय का, हे तो बघत असतो. तारली माशांचा थवा आला की पाणी तिथे गडद दिसतं. शेजारी जाऊन उभं राहा आणि विचारा, की कसं कळतं हो? उत्तर मिळणार नाही. नवख्याने दोर चुकीचा धरला की मात्र तोंड सुरू होतं. “मेल्या, दोर असो धरतत? हात सोलान निघतलो. माझ्या तोंडाकडे काय बघतंस, पाण्याकडे बघ. थंय काळा दिसता ता काय, सांग.”

हाच धडा. यापलीकडे तो तुम्हाला बसवून काही शिकवणार नाही. दोराची पकड आणि पाण्याचा रंग, दोन्ही त्या एका ओरड्यात आले. होडी चालवणाऱ्या तांडेलांचंही असंच. अमुक डोंगराचं टोक आणि तमुक देवळाचा कळस एका रेषेत आला की खाली खडक आहे, होडी डावीकडे घाल. सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी १६६४ साली कुरटे बेटावर झाली, आणि त्या बेटाभोवतीच्या बुडालेल्या खडकांतून सुखरूप नेणाऱ्या वाटा आजही अशाच डोळ्यांनी जुळवलेल्या खुणांवर चालतात. त्यांतल्या कितीतरी कुठेही लिहिलेल्या नाहीत.

म्हाताऱ्यांची कुरकुर म्हणजे नुसती सवय, असं समजणाऱ्यांनी पर्ससीन जाळ्यांचं प्रकरण आठवावं. ही जाळी लावणाऱ्या यांत्रिक बोटी समुद्र खरवडून नेतायत, किनाऱ्याला मासळी उरणार नाही, हे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडून सांगत होते. या मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला आणि ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. पुढच्या वर्षी एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राची बंदी आली. अंमलबजावणीवरून भांडण अजून मिटलेलं नाही. पण किनाऱ्यावरच्या माणसाने नुसतं पाणी बघून जे म्हटलं होतं, तेच शेवटी सरकारी कागदावर उतरलं.

रंगभूमीवर हा ओरडून शिकवणारा माणूस मालवणी मुलखाने केव्हाच ओळखला. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली आलं, आणि रेवंडीच्या मच्छिंद्र कांबळींनी त्यातला तात्या सरपंच हजारो प्रयोगांत घराघरांत नेला. गावातल्या पोरांचं नाटक उभं राहावं म्हणून जीव खाणारा, सगळ्यांवर खेकसणारा हा तात्या. प्रेक्षक हसले ते त्याला ओळखून. प्रत्येकाच्या वाडीत एक तात्या होता.

आता वाडीत तात्या आहेत, त्यांच्यासमोर उभी राहणारी पोरं कमी झालीत. बोटीवर जीपीएस आहे, मासा दाखवणारा पडदा आहे. या यंत्रांनी जीव वाचतात, माझा त्यांना विरोध नाही. पण पडदा बंद पडला की कळस आणि डोंगर जुळवता येणारं कोण उरणार, हा प्रश्न मला रात्रीचा जागा ठेवतो. २०१४ च्या ‘ट्रॉपिकल फ्रीझ’ मध्ये खेळ बनवणाऱ्यांनी क्रँकीला खोपीतून उठवून थेट मैदानात आणलं. काठीवर उसळ्या मारत तो काट्यांवरून जातो, जिथे तरुण डाँकीचा पाय घायाळ होतो. हे दृश्य मी भाच्याकडून पुन्हा पुन्हा लावून घेतलं.

रापणीच्या दोराला हात लावायला आलेल्याला सहसा कुणी हाकलत नाही, आणि मनापासून ओढणाऱ्याच्या पिशवीत मूठभर मासळीही पडते. या हंगामात मुलांना किनाऱ्यावर न्या. दोर धरायला लावा. म्हातारा ओरडायला लागला की ती पळू बघतील, तेव्हा त्यांना तिथून हलू देऊ नका.