विटांचा खेळ

परवा माहेरी, लातूरला, माळ्यावर माझा लहानपणीचा विटांचा व्हिडिओ गेम सापडला. नवे सेल घातले अन् काय सांगू, चालू झाला! १९८९च्या निन्टेन्डो गेमबॉयवर गाजलेल्या टेट्रिसची ही स्वस्तातली नक्कल. नांदेडला परतताना एसटीत आमचे चौथीतले चिरंजीव त्यातच दंग! यांनीच दिवाळीत माझ्या मोबाइलवर खेळताना सातशे रुपये उडवले होते. मी हात उगारला, मग मलाच रडू आलं.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संसदेने २०२५मध्ये केला. पण खेळातल्या तलवारी-पोशाखांची विक्री त्यात येत नाही. त्याच वर्षी आलेल्या स्विच २वरही ऑनलाइन दुकान आहेच. तेव्हा खरेदीला आधी पासवर्ड लावा. मुलावर हात मात्र उगारू नका, बरं! कुलूप लावायचं आपणच विसरलेलो असतो.